ढिगाऱ्यातून वाचलेल्या जोसेफने ऊन मोजले

गच्चीवर सोलर पॅनल बसवले की बसवणारा माणूस आपल्या हातात एक कागद देतो. पॅनल किती वॅटचे आहे, ते त्यावर छापलेले असते. आपण आकडा वाचतो आणि कागद कपाटात ठेवून देतो. पण हा आकडा कोणत्या उन्हात मोजला, असा प्रश्न कधी पडला आहे का? सकाळचे ऊन कोवळे, दुपारचे कडक, संध्याकाळचे तांबूस. पावसाळ्यात तर चार-चार दिवस ऊनच नाही. मग नेमके कोणते ऊन धरायचे?

याचे उत्तर असे की जगभरातल्या तज्ज्ञांनी उन्हाचे एक माप ठरवून घेतले आहे. एका चौरस मीटरवर एकूण किती ऊर्जा पडते एवढेच त्यात नाही. त्या ऊर्जेत निळा भाग किती, पिवळा किती, तांबडा किती आणि डोळ्यांना न दिसणारा किती, याचाही हिशेब त्यात आहे. उन्हाची अशी रंगवार मोजणी ज्यांच्यामुळे भक्कम पायावर उभी राहिली, त्यांत एका माणसाचे नाव फार वर आहे. तो कधी कॉलेजात गेला नाही. अकराव्या वर्षी तो अनाथ झाला आणि चौदाव्या वर्षी कोसळलेल्या घराखाली गाडला गेला. आपल्याकडे घरोघरी सापडणारेच त्याचे नाव होते, जोसेफ. आडनाव फ्राउनहोफर.

काचवाल्याचा मुलगा

जोसेफचा जन्म ६ मार्च १७८७ रोजी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, डॅन्यूब नदीकाठच्या श्ट्राउबिंग गावात झाला. वडील खिडक्यांना काचा बसवण्याचे काम करीत. अकरा भावंडांत जोसेफ शेवटचा. तो दहा वर्षांचा असताना आई गेली आणि पुढच्याच वर्षी वडीलही गेले. पालकांनी १७९९ साली त्याला म्युनिक शहरातील एका कारागिराकडे उमेदवारीला ठेवले. वाइक्सेलबेर्गर हे त्या मालकाचे नाव. दरबारासाठी आरसे बनवणे आणि काच कापणे हा त्यांचा धंदा. शिकवण्याची फी द्यायला जोसेफकडे पैसे नव्हते, म्हणून सहा वर्षे बिनपगारी राबायचे असा करार झाला.

त्या काळी काम करणाऱ्या मुलांसाठी सुट्टीच्या दिवशी शाळा भरत असे. जोसेफला तिथे जायची फार इच्छा होती, कारण त्याला लिहिता-वाचता जेमतेमच येत होते. पण मालक जाऊ देईना. पोराने पुस्तकात डोके घातले तर काम कोण करणार, असा त्यांचा हिशेब! असे हिशेब आपल्यालाही अपरिचित नाहीत.

चार तास ढिगाऱ्याखाली

२१ जुलै १८०१. मालकाचे राहते घर अचानक कोसळले. मालकीणबाई त्यात दगावल्या. जोसेफ ढिगाऱ्याखाली अडकला होता, पण जिवंत होता. त्याला बाहेर काढायला सुमारे चार तास लागले. बातमी कळताच बव्हेरियाचे राज्यकर्ते मॅक्सिमिलियन जोसेफ स्वतः त्या जागी आले. मुलगा जिवंत निघाला हे पाहून त्यांनी त्याला जवळ बोलावले, त्याची विचारपूस केली आणि १८ सोन्याची नाणी बक्षीस दिली.

चौदा वर्षांच्या अनाथ मुलाच्या हातात एवढे सोने! त्या पैशातून त्याने काच घासण्याचे यंत्र घेतले आणि उमेदवारीची उरलेली मुदत पैसे भरून संपवली. घर कोसळले तेव्हा योसेफ उट्झश्नायडर नावाचे एक उद्योजक आणि सरकारी अधिकारीही तिथे आले होते. त्यांनी या मुलात काही वेगळे पाहिले असावे. त्यांनी त्याला गणिताची आणि प्रकाशशास्त्राची पुस्तके मिळवून दिली.

पण पुढचा रस्ता लगेच सरळ झाला नाही. भेटकार्डे कोरून विकण्याचा स्वतःचा धंदा जोसेफने काढला, तो चालला नाही. पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली काचकाम करावे लागले. शेवटी १८०६ साली उट्झश्नायडर यांच्या भागीदारीतील उपकरणांच्या कारखान्यात त्याला नोकरी मिळाली. तेव्हा त्याचे वय होते १९.

रिकाम्या मठातील भट्टी

जमीन मोजणारे अधिकारी, सैन्य आणि वेधशाळा यांना त्या काळी चांगल्या दुर्बिणी हव्या होत्या. दुर्बिणीचा जीव तिच्या भिंगात आणि भिंगाचा जीव काचेत. चांगली काच मिळणे मात्र मुश्कील होते. वितळलेली काच थंड होताना तिच्यात शिरा पडत, बुडबुडे राहत. अशा भिंगातून पाहिले की प्रतिमा वेडीवाकडी दिसे.

काचेचा कारखाना म्युनिकच्या दक्षिणेला, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी, बेनेडिक्टबॉयर्न इथे होता. हे ठिकाण म्हणजे आठव्या शतकात स्थापन झालेला संत बेनेडिक्ट यांच्या संघाचा मठ. १८०३ साली सरकारने बव्हेरियातील मठ ताब्यात घेतले आणि मठवासींना बाहेर पडावे लागले. दोन वर्षांनी उट्झश्नायडर यांनी ती वास्तू विकत घेऊन तिच्या आवारात काचेची भट्टी घातली. पिएर लुई गिनाँ नावाचे एक अनुभवी स्वीस काचकार तिथे होते. त्यांच्यासोबत काम करीत फ्राउनहोफर काच वितळवण्याची आणि ढवळण्याची विद्या शिकले आणि पुढे त्यांनी तीत सुधारणाही केल्या. १८०९ पर्यंत भिंगांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यावर आली. तेव्हा ते अवघे २२ वर्षांचे होते. (त्या मठात १९३० पासून डॉन बॉस्को यांचे सालेशियन फादर आले. जुनी भट्टी आता संग्रहालय म्हणून जपलेली आहे.)

शोधत होते एक, सापडले दुसरे

चांगले भिंग बनवायचे तर काच प्रत्येक रंगाला किती वाकवते हे नेमके माहीत हवे. लोलकातून सूर्याचा किरण सोडला की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा, म्हणजे वर्णपट, दिसतो. पण त्यात एक रंग कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे कसे सांगणार? पिवळा म्हणजे नेमका कुठला पिवळा? मैलाचे दगड नसलेल्या रस्त्यावर अंतर मोजण्यासारखी ती अडचण होती.

फ्राउनहोफर यांना दिव्याच्या ज्योतीच्या वर्णपटात एक ठळक पिवळी-नारिंगी रेषा दिसली होती. ती नेहमी एकाच जागी असे. सूर्यप्रकाशातही अशी तेजस्वी रेषा सापडली तर मोजमापाला पक्की खूण मिळेल, असे त्यांना वाटले. त्यांनी खोलीत अंधार केला, खिडकीच्या झडपेला बारीक फट ठेवली, २४ फुटांवर स्वतः बनवलेला उत्तम काचेचा लोलक ठेवला आणि त्यामागे जमीन मोजणाऱ्यांच्या यंत्राची दुर्बीण लावली.

तेजस्वी रेषा सापडली नाही. तिच्या जागी काळ्या रेषा होत्या! एक-दोन नव्हे, तर रंगांच्या पट्ट्यावर आडव्या उभ्या असलेल्या शेकडो काळ्या रेषा. ही गोष्ट १८१४ सालची. इंग्लंडमध्ये विल्यम वॉलस्टन यांना १८०२ साली अशा मोजक्या रेषा दिसल्या होत्या, पण त्या दोन रंगांमधल्या सीमारेषा असाव्यात असे समजून ते पुढे गेले. फ्राउनहोफर थांबले. त्यांनी फट लहानमोठी करून पाहिली, अंतरे बदलली, लोलक बदलले. रेषा आपल्या रंगात, आपल्या जागी तशाच राहिल्या. म्हणजे हा काचेचा दोष नव्हता की डोळ्यांचा भासही नव्हता. त्या सूर्यप्रकाशातच होत्या.

मग ते मोजत बसले. त्यांनी ५७४ रेषा मोजल्या, त्यांतील शेकडो रेषा नकाशावर जागच्या जागी काढल्या आणि ठळक रेषांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली. ही अक्षरे आजही वापरात आहेत. दिव्यातली ती ठळक रेषा सूर्याच्या काळ्या डी रेषेच्या बरोबर जागी येते, हेही त्यांनी नोंदवले. असे का होते, हे मात्र त्यांना कळले नाही. तसे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आणि कारण शोधण्याचे काम इतरांवर सोपवले.

ते कारण १८५९ साली हायडेलबर्ग इथे किर्खहोफ यांना सापडले. प्रत्येक मूलद्रव्य तापल्यावर ज्या रंगाचा प्रकाश देते, तोच रंग ते शोषूनही घेते. डी रेषा सोडियमची, म्हणजे आपल्या मिठातल्याच धातूची. सूर्याच्या बाहेरच्या थरातील सोडियमची वाफ तेवढा पिवळा रंग गिळून टाकते, म्हणून तिथे काळी रेघ दिसते. सूर्य कशाचा बनलेला आहे, हे पृथ्वीवर बसून कळू लागले ते या रेषांमुळे.

कोणत्या रंगात किती उजेड?

काळ्या रेषांची गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. आपल्या सोलर पॅनलशी ज्याचे जवळचे नाते आहे, ते त्यांचे दुसरे काम मात्र कमी लोकांना ठाऊक आहे.

रेषांमुळे रस्त्यावर मैलाचे दगड मिळाले. आता प्रत्येक दगडापाशी उजेड किती, हे फ्राउनहोफर यांनी मोजायला घेतले. युक्ती साधी होती. दुर्बिणीत अर्ध्या भागात वर्णपटाचा एक रंग दिसावा आणि उरलेल्या अर्ध्यात, छोट्या आरशातून येणारा, एका लहान ज्योतीचा उजेड. ज्योत मागेपुढे सरकवायची. दोन्ही भाग सारखेच उजळ वाटले की ज्योतीचे अंतर लिहून घ्यायचे. अंतरावरून उजेडाचे प्रमाण काढता येते, कारण दिवा दुप्पट लांब गेला की त्याचा उजेड चौथाईवर येतो.

सर्वांत जास्त उजेड डी आणि ई या रेषांच्या दरम्यान, पिवळ्या रंगापाशी निघाला. त्याला त्यांनी १ मानले. मग डी रेषेपाशी ०.६४ आणि हिरव्यातल्या ई रेषेपाशी ०.४८ उजेड भरला. जांभळ्याच्या टोकाला असलेल्या एच रेषेपाशी तो जवळजवळ शून्यावर आला. हे आकडे जोडून त्यांनी रेषांच्या नकाशावरच एक डोंगरासारखी वक्ररेषा काढली. सूर्यप्रकाश सगळ्या रंगांत सारखा वाटलेला नाही, हे त्या डोंगराकडे पाहताच कळत होते.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. हे माप डोळ्याने घेतलेले होते, आणि माणसाचा डोळा पिवळ्या-हिरव्या रंगाला जास्त आणि तांबड्या-जांभळ्याला कमी दाद देतो. तेव्हा तो डोंगर जितका सूर्याचा होता, तितकाच आपल्या डोळ्याचाही होता. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथेही उष्णता असते हे विल्यम हर्शेल यांनी १८०० साली साध्या तापमापकाने दाखवून दिले होते. पुढे १८८० च्या दशकात अमेरिकेत सॅम्युएल लँगली यांनी अत्यंत संवेदनशील उपकरण बनवून या न दिसणाऱ्या भागातली ऊर्जा मोजली. आपल्यापर्यंत येणाऱ्या सौर ऊर्जेचा साधारण निम्मा भाग डोळ्यांना दिसतच नाही, हे अशा मोजण्यांतून स्पष्ट झाले.

पॅनल आणि काळी ए रेषा

आता पुन्हा आपल्या गच्चीवर येऊ. पॅनलमधील सिलिकॉन हाही एक प्रकारचा डोळा आहे, पण त्याची आवड वेगळी. तांबड्यापलीकडचा थोडा भागही तो वापरतो, साधारण ११०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत. त्यापुढचा प्रकाश त्याच्या कामाचा नाही. निळ्या प्रकाशाच्या प्रत्येक कणात त्याला लागते त्याहून जास्त ऊर्जा असते, आणि ती जास्तीची ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. म्हणून एकूण ऊन किती पडले एवढे सांगून भागत नाही. त्यात कोणता रंग किती, हे कळल्याशिवाय पॅनलची परीक्षा होत नाही. दोन दिव्यांखाली एकच पॅनल ठेवले आणि दोन्हींची एकूण ऊर्जा सारखी असली, तरी वीज वेगवेगळी निघू शकते.

म्हणून प्रमाणित ऊन ठरवले गेले. सूर्य क्षितिजापासून सुमारे ४२ अंशांवर असताना त्याचा प्रकाश, तो डोक्यावर असतानाच्या दीडपट हवेतून येतो. त्या उन्हाचा रंगवार तक्ता, दर चौरस मीटरला १००० वॅट ऊर्जा आणि पॅनलच्या पेशींचे तापमान २५ अंश सेल्सिअस. या तीन अटींवर मोजलेला आकडा आपल्या कागदावर छापलेला असतो. गच्चीवरचे पॅनल भर उन्हात यापेक्षा बरेच जास्त तापते, हवा रोज बदलते, म्हणून छापलेला आकडा प्रत्यक्षात क्वचितच पूर्ण मिळतो. त्यात फसवणूक असतेच असे नाही. तो आकडा दोन पॅनलची सारख्या कसोटीवर तुलना करण्यासाठी असतो.

त्या प्रमाणित तक्त्याचा आलेख पाहिला तर डोंगराच्या उतारावर जागोजागी खाचा दिसतात. ७६० नॅनोमीटरपाशी एक खोल, अरुंद खाच आहे. ती म्हणजेच फ्राउनहोफर यांची ए रेषा! ही रेषा सूर्यातली नाही, हे त्यांच्या मृत्यूनंतर समजले. आपण श्वासात घेतो तो हवेतला प्राणवायू तेवढा प्रकाश शोषून घेतो. आणखी पुढे हवेतल्या बाष्पाच्या रुंद खाचा आहेत. दमट हवेत त्या खोल होतात आणि कोरड्या हवेत उथळ. म्हणूनच एकाच उंचीवरच्या सूर्याचे ऊन मे महिन्यातल्या धुळीत आणि पावसाळ्यातल्या उघडिपीत अगदी सारखे नसते.

असे ऊन मोजणाऱ्या आजच्या उपकरणात एक बारीक फट असते, प्रकाश रंगांत फोडणारी जाळी असते आणि मागे डोळ्याऐवजी प्रकाश टिपणारा संवेदक. ती जाळीही फ्राउनहोफर यांच्याच कामातून आलेली. १८२१ च्या सुमारास त्यांनी अगदी बारीक तारा शेजारी शेजारी ताणून आणि नंतर काचेवर हिऱ्याने रेघा ओढून अशा जाळ्या बनवल्या, आणि त्यांच्या साहाय्याने रेषांच्या तरंगलांब्या मोजल्या. उपकरण बरोबर चालते का, हे तपासताना अभियंते आजही प्राणवायूची ती खाच जागेवर आहे ना ते पाहतात. काच मोजण्यासाठी सापडलेला मैलाचा दगड दोनशे वर्षांनंतरही कामी येतो आहे.

थोडेच आयुष्य

मानसन्मान आले, पण विरोधही झाला. १८१७ साली बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीने त्यांना आपल्यात घेतले. मात्र ज्याने विद्यापीठाची पायरी चढली नाही, अशा कारागिराला विद्वानांच्या पंक्तीत बसवावे का, अशी कुरकुर काहींनी केली. १८२२ मध्ये एर्लांगेन विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १८२४ मध्ये राजाने त्यांना सरदारकी दिली. तोच मॅक्सिमिलियन जोसेफ, जो एकेकाळी ढिगाऱ्याशेजारी उभा होता! त्याच वर्षी त्यांची २४ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाची मोठी दुर्बीण आजच्या एस्टोनियातील तार्तू इथल्या वेधशाळेत पोहोचली.

प्रकाशाविषयी जे जे कळले, ते त्यांनी खुलेपणाने छापले. काच बनवण्याची कृती मात्र कारखान्याचे गुपित राहिली. त्यांची काच इतकी सरस होती की तिच्या तोडीची काच बनवण्यासाठी इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडे यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने कित्येक वर्षे खटपट केली, पण बरोबरी साधली नाही.

भट्टीजवळच्या कष्टांत शरीर झिजले होते. क्षयरोगाने त्यांना गाठले आणि ७ जून १८२६ रोजी म्युनिकमध्ये ते वारले. वय अवघे ३९. लग्न केलेले नव्हते. त्यांच्या थडग्यावर, त्यांनी तारे जवळ आणले, अशा अर्थाचे लॅटिन शब्द कोरले गेले. ते शब्द खरेही ठरले. १८३८ मध्ये बेसेल यांनी एका ताऱ्याचे पृथ्वीपासूनचे अंतर मोजले, ते फ्राउनहोफर यांनी आखलेल्या उपकरणानेच.

१९४९ साली जर्मनीत उभ्या राहिलेल्या एका मोठ्या संशोधन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. तिचीच एक शाखा १९८१ पासून फ्रायबुर्ग इथे सौर ऊर्जेवर काम करते, आणि तिथे जगभरातून आलेल्या सौर पेशी मोजून त्यांना खात्रीचा आकडा दिला जातो.

घरी एखादी जुनी सीडी पडली असेल तर मुलांना ती खिडकीजवळ उजेडात तिरपी धरून दाखवा. तिच्यावरच्या बारीक ओळी जाळीचे काम करतात आणि रंगांचा पट्टा दिसतो. मात्र सूर्याकडे किंवा सीडीत दिसणाऱ्या त्याच्या झळाळत्या प्रतिबिंबाकडे मुलांना थेट पाहू देऊ नका. रंग दिसले की त्यांना ढिगाऱ्याखालच्या जोसेफची गोष्ट सांगा. आणि आपल्या ओळखीत कोणी मूल कामाला जुंपले गेले असेल, त्याला शाळेची आणि पुस्तकांची ओढ असेल, तर त्याला एखादे पुस्तक नेऊन द्या. उट्झश्नायडर यांनी सुरुवातीला एवढेच केले होते.